सफरचंदाच्या वासाची व्होडका आणि साखरेची गोळी

प्रश्न : माझे वय 47 असून राजारामपुरीत माझे दुकान आहे. पाच महिन्यांपूर्वी तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 7.4 निघाले. तेव्हापासून साखरेची एक गोळी सुरू आहे आणि भात, चपाती, गूळ, साखर जवळजवळ बंद करून मी दिवसाला साधारण 50 ग्रॅम कर्बोदकांवर आलो आहे. वजन 8 किलो उतरले, मात्र गेला महिनाभर काटा हललेला नाही. महिन्यातून दोन-तीन शनिवारी पन्हाळ्याच्या वाटेवरील एका मित्राच्या शेतघरात आमची बैठक असते. मी तीनेक मोठे पेग घेतो. परवा एकाने गोव्याहून तीन बाटल्या आणल्या : हिरव्या सफरचंदाच्या स्वादाची व्होडका (37.5 टक्के), नारळाच्या स्वादाची रम (21 टक्के) आणि कॉफीची लिकर (20 टक्के). मित्र म्हणतात, 'दारूत कार्ब नसतेच, तू बिनधास्त घे.' मला साधी व्होडका घशाखाली उतरत नाही, वासाची आवडते. या बाटल्या माझ्या आहारात बसतात का, आणि बसत असतील तर किती घ्यावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे एका बाटलीपुरते बहुधा खरे आहे, उरलेल्या दोन बाटल्यांपुरते खोटे आहे आणि तुमच्या गोळीच्या बाबतीत ते धोक्याचेही ठरू शकते. पत्रात तुम्ही तिन्ही बाटल्यांवरचे टक्के नेमके उतरवून पाठवले, गोळीचे नाव मात्र लिहिले नाही. आहारतज्ज्ञ म्हणून मला याच्या उलट आवडले असते. गोळीकडे मी येणारच आहे. तुम्ही विचारले आहे बाटल्यांबद्दल, म्हणून सुरुवात तिथून करते.

दारूत कर्बोदके नसतात हे कशावरून, ते कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. गुऱ्हाळात काहिलीवर रस उकळत असतो तेव्हा वर जाते ती वाफ आणि खाली उरतो तो गूळ. ती वाफ कुणी ताटलीवर धरून चाटली तर ती गोड लागणार नाही, कारण साखर वाफेबरोबर वर चढत नाही. आपल्या कारखान्यांच्या मळीपासून अर्क काढतात तेव्हाही हेच घडते. मळीतली साखर आधी यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल करते, मग ते मिश्रण तापवून अल्कोहोलची वाफ वेगळी काढून थंड करतात, आणि जी काही साखर उरलेली असते ती खालच्या भांड्यातच राहते. म्हणून साधी व्होडका, जिन, व्हिस्की, ब्रँडी यांत कर्बोदके शून्य किंवा शून्याच्या जवळपास असतात. जुन्या रमचा रंग पाहून लोक दचकतात, पण नुसत्या रंगासाठी घातलेले कॅरमेल इतके थोडे असते की ते हिशेबात धरण्याचे कारण नाही.

प्रश्न उभा राहतो तो ऊर्ध्वपातनानंतर, म्हणजे अशी वाफ काढून थंड केल्यानंतर, बाटलीत काय घातले याचा. स्वाद देण्याच्या पद्धती ढोबळमानाने दोन. एकीत फळाची साल, मसाला किंवा त्यांचा अर्क वापरून फक्त वास आणि चव आणली जाते. जिनला जुनिपरच्या फळांचा वास असतो तो असाच, आणि आपल्याकडची देशी 'संत्रा' ज्यांनी निदान दुरून हुंगली आहे त्यांना वास म्हणजे फळ नव्हे हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या पद्धतीत वासाबरोबर साखरही घालतात, आणि ती पुरेशी घातली की त्या पेयाला लिकर म्हणतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सर्वसाधारण लिकरमध्ये लिटरला किमान 100 ग्रॅम साखर असावी लागते, 'क्रेम द' म्हणवणाऱ्या लिकरमध्ये किमान 250 ग्रॅम, आणि काळ्या मनुकांसारख्या कॅसिस नावाच्या फळाच्या 'क्रेम द कॅसिस'मध्ये तर किमान 400 ग्रॅम. स्वादाच्या व्होडकेला त्याच नियमांत 100 ग्रॅमपेक्षा कमी गोडवा घालण्याची मुभा आहे. म्हणजे तिच्यात साखर मुळीच नसू शकते आणि थोडीबहुत असूही शकते, आणि बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा पोषणाचा तक्ता दारूच्या बाटलीवर मिळत नसल्याने ते वाचून कळायचा मार्ग नाही.

मग ओळखायचे कसे? माझी पद्धत अगदी घरगुती आहे. एका पांढऱ्या बशीत त्या बाटलीतले चमचाभर ओतावे, बशी विस्तवापासून दूर, ओट्याच्या कोपऱ्यात रात्रभर उघडी ठेवावी आणि सकाळी त्या जागी बोट फिरवावे. बिनसाखरेची दारू उडून जाते आणि बशी धुतल्यासारखी कोरडी राहते. साखर असेल तर चहाच्या कपाखाली उमटते तशी चिकट कडी बशीवर उरते आणि बोट तिला किंचित धरून येते. लिकरची बशी तर मी पाकाच्या ताटासारखी चकाकताना पाहिली आहे. जिभेवर मात्र या बाबतीत भरवसा ठेवू नका. सफरचंद, व्हॅनिला, नारळ हे वास आपण जन्मभर गोड पदार्थांबरोबर घेतलेले असतात, त्यामुळे साखर नसतानाही जीभ 'गोड' असा निकाल देते. उलट बाटली फ्रीजरमध्ये ठेवलेली असली तर खरा गोडवाही दबून जातो.

बाटलीवरचे टक्के हाही एक इशारा असतो. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, व्होडकांवर 42.8 टक्के लिहिलेले असते, तर परदेशी पद्धतीच्या व्होडकांवर 37.5 किंवा 40. आकडा 15 ते 30 च्या दरम्यान उतरला की त्या बाटलीत साखर असण्याचा संशय घ्यावा. तरी हा नियम उलट बाजूने लावू नका, कारण संत्र्याच्या काही प्रसिद्ध लिकर 40 टक्क्यांच्या असूनही चांगल्या गोड असतात.

आता तुमच्या तीन बाटल्या. सफरचंदाची व्होडका 37.5 टक्क्यांची आहे. ती बशीच्या परीक्षेत उतरली तर कर्बोदकांच्या दृष्टीने तिच्यात आणि साध्या व्होडकेत फरक करण्याचे कारण नाही. नारळाची रम 21 टक्क्यांची आहे आणि या प्रकारची पेये गोडच असतात, तेव्हा तिला रम न समजता लिकर समजा. कॉफीची लिकर मात्र सरळ बाजूला ठेवा. अशा लिकरच्या 30 मिलिलिटरमध्ये साधारण 16 ग्रॅम साखर असते, म्हणजे एका मोठ्या पेगात 32 ग्रॅम. तुमची दिवसाची मर्यादा 50 ग्रॅमची आहे. दिवसभर भाकरीच्या चतकोराचा हिशेब ठेवायचा आणि रात्री एका ग्लासात सहा चमचे साखर पिऊन टाकायची, असा हा व्यवहार होईल. क्रीम घातलेल्या लिकरमध्ये साखर याच्या निम्म्याच्या आसपास असते, पण तिथे वर सायीचे उष्मांक येतात.

ग्लासात बाटलीखेरीज जे पडते त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या अनुभवात घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो. बहुतेक गोड कोल्ड्रिंकच्या 200 मिलिलिटरमध्ये 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीन पेगांना तीन वेळा ते ओतले की शून्य कर्बोदकांच्या व्होडकेवर तुम्ही 60 ग्रॅम साखर घेतलेली असते. टॉनिक वॉटर तर याहून फसवे आहे, कारण ते कडवट लागते म्हणून लोक त्याला सोड्याचा भाऊ समजतात. मीही एका लग्नाच्या जेवणावळीत ते सोडा समजून दोन ग्लास प्यायले होते आणि बाटलीवरचा तक्ता घरी येऊन वाचला होता. त्यात साखर कोल्ड्रिंकपेक्षा थोडीच कमी असते. तुमच्यासाठी साधा सोडा, पाणी, बर्फ आणि अर्ध्या लिंबाचा रस एवढेच पुरे. काही आंबट हवे असेल तर कोकमाचे आगळ वापरा, म्हणजे गगनबावड्याचा घाट चढून येते ते बिनसाखरेचे, मीठ घातलेले आगळ. अमृत कोकम म्हणून मिळते ते चालणार नाही, कारण तो साखरेचा पाकच असतो. सोडा आणि चमचाभर आगळ यांच्यात सफरचंदाचा वास मिसळतो की भांडतो हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते भांडतो, पण साध्या व्होडकेला आगळ फार छान लागते.

तुम्हाला साधी व्होडका घशाखाली उतरत नाही, वास हवा असतो, हे मला पटते, आणि त्याला बाजारातल्या बाटलीशिवायही उपाय आहे. एका स्वच्छ काचेच्या बाटलीत क्वार्टरभर साधी व्होडका घ्या. एका लिंबाची साल बटाटे सोलायच्या सोलाण्याने पातळ काढा, तिच्या आतला पांढरा भाग आला असेल तर तो सुरीने खरवडून टाका, नाहीतर सगळे कडू होते. ती साल बाटलीत टाकून झाकण लावून दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि मग गाळून घ्या. फिकट पिवळा रंग येतो आणि झाकण उघडताच वास खोलीभर होतो. आल्याच्या पातळ चकत्यांनाही एवढेच दिवस लागतात. दालचिनीचा तुकडा एका दिवसात काढावा, तो रेंगाळला की औषधासारखी चव येते. संकेश्वरी मिरची अर्धी पुरते आणि तीही तीन-चार तासांत बाहेर काढावी, यात कोल्हापूरकराने इभ्रतीचा प्रश्न करू नये. भाजलेल्या कॉफीच्या बिया चमचाभर टाकून रात्रभर ठेवल्या तर तुमच्या त्या कॉफी लिकरचा वास साखरेशिवाय हाती येतो. आंबा, चिकू, द्राक्षे अशी फळे मात्र भिजवू नका, त्यांची साखर दारूत उतरते.

येथवर सगळा हिशेब साखरेचा झाला. वजनाचा हिशेब वेगळा आहे आणि मित्रांच्या 'बिनधास्त' या शब्दाला माझी पहिली हरकत तिथे आहे. अल्कोहोलचा एक ग्रॅम शरीराला 7 उष्मांक देतो, साखरेचा 4 आणि तुपाचा 9. 42.8 टक्क्यांच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगात सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे 140 च्या आसपास उष्मांक. तुमचे तीन पेग हे उष्मांकांच्या भाषेत ज्वारीच्या अडीच भाकरी झाल्या, आणि त्या भाकरींनी पोट तरी भरले असते. त्यातून अल्कोहोल शरीराला साठवून ठेवता येत नाही. ते रक्तात असेपर्यंत यकृत आधी त्याचा निकाल लावते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. कर्बोदके कमी करून तुम्ही जे काम यकृतावर सोपवले आहे, तेच त्या रात्री थांबते.

तरी महिनाभर काटा हलला नाही याचे सगळे खापर शनिवारांवर फोडणे न्यायाचे होणार नाही. सुरुवातीला उतरलेल्या 8 किलोंत काही वाटा पाण्याचा असतो, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते आणि ती संपली की ते पाणीही जाते. त्यानंतरची उतरण हळूच होते. मला जास्त संशय चकण्याचा आहे. भडंग म्हणजे मुरमुरे आणि मुरमुरे म्हणजे तांदूळ. शेव-फरसाण म्हणजे बेसन आणि तेल. दोन पेगांनंतर कोणाचा हात ताटलीतून मोजून उचलत नाही. त्यापेक्षा मूठभर खारे शेंगदाणे, काकडी, उकडलेली अंडी, भाजलेले चिकन किंवा पनीर समोर ठेवा आणि भडंगाची ताटली टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवा.

आता गोळी. कर्बोदके कमी खाणाऱ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा तोकडा असतो, आणि रात्री रक्तातली साखर टिकवण्यासाठी यकृत नवी साखर तयार करत असते. अल्कोहोल नेमकी हीच निर्मिती अडवते. गोळी न घेणाऱ्या धडधाकट माणसालाही अशा आहारात दारू लवकर चढते ती काही अंशी उपाशी पोटामुळे. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या माणसाला मात्र नुसते चढून भागत नाही.

तुमची गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांपैकी असेल, तर ती स्वतःच साखर खाली ओढते. तिच्या जोडीला कमी कर्बोदके आणि तीन पेग आले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि हे बैठकीतच होईल असे नाही, पहाटे झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही होऊ शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, तोल जाणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत आणि दारू चढल्याचीही तीच आहेत. 'जास्त झाली, झोपू दे' असे म्हणून मित्र पांघरूण घालतील. यासाठी बैठकीतल्या एका तरी मित्राला तुमच्या मधुमेहाची आणि गोळीची माहिती असलीच पाहिजे, आणि साखर मोजण्याचे यंत्र खिशात असले पाहिजे. साखर 70 च्या खाली दिसली आणि तुम्ही शुद्धीवर असाल, तर त्या क्षणी आहार बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता मित्रांनी थेट दवाखाना गाठायचा.

गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी, तर माझे उत्तर आणखी कडक आहे. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कर्बोदके फार कमी असतील आणि वर दारू असेल, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून रक्त आम्ल होण्याचा धोका वाढतो, आणि यातली फसगत अशी की त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे ही त्याची लक्षणे रविवारी सकाळी दिसली तर कोणीही त्यांना रात्रीच्या दारूचा उतारा म्हणून लिंबूपाणी देत बसेल. या गटातली गोळी चालू असेल, तर दारूचा विषय राहू द्या, 50 ग्रॅम कर्बोदकांचा आहारच तुम्ही डॉक्टरांच्या संमतीने करत आहात का, हे आधी विचारायला हवे. मेटफॉर्मिन या दोन्ही गटांपेक्षा सौम्य आहे. तरी अति मद्यपानाबरोबर तीही रक्तात लॅक्टिक आम्ल साचवू शकते, आणि यकृत किंवा मूत्रपिंड आधीच नाजूक असेल तर हा धोका वाढतो. शनिवारी दारू आहे म्हणून गोळी मनाने चुकवण्याचा उपायही काही लोक करतात. तो करू नका.

तेव्हा किती घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर असे. गोळीचे नाव दाखवून डॉक्टरांनी हरकत नाही असे स्पष्ट सांगेपर्यंत काहीही घेऊ नये. त्यांनी परवानगी दिली, तर एका बैठकीला एक मोठा पेग, दोन छोट्यांत विभागून, दोन तासांत, सोड्यात लांबवलेला. तिसऱ्याबद्दल मी काही लिहिणार नाही. याहून कमी घेतलीत तर उत्तम, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये मद्याची कोणतीच मात्रा पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही असे जाहीर केले आहे, हे तुमच्यापासून लपवून ठेवण्याचे मला कारण नाही. न पिणाऱ्याने कमी कर्बोदकांचे निमित्त करून व्होडका सुरू करावी असे मी कधीच सुचवणार नाही. तुम्ही पीत आहातच, म्हणून हा हिशेब.

आपल्याकडे बैठकीचा क्रमही उलटा असतो. नऊला बाटली उघडते, दोन तास चकण्यावर जातात आणि मटणाचे पातेले अकराला उतरते. तुम्ही शेतघरात पोहोचल्याबरोबर वाटीभर आळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनतिखटाचे पाणी, मागून घ्या, किंवा पांढरा रस्सा तयार असेल तर तो घ्या, आणि दोन-चार फोडी सुक्या मटणाच्या खा. पेग त्यानंतर. पोटात प्रथिने आणि स्निग्धांश असले की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरते. रस्सा आणि सुके मटण तुमच्या आहाराला अनुकूलच आहेत. पांढऱ्या रश्श्यात काजू सढळ हाताने वाटला असेल तर एका वाटीवर थांबा. त्या रात्री गोळीच्या धोक्यापायी थोडी कर्बोदके खाणे शहाणपणाचे ठरते, म्हणून अर्धी भाकरी ताटात असू द्या आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. झोपण्यापूर्वी साखर मोजा. पन्हाळ्याच्या रस्त्याने रात्री गाडी चालवत परत येण्याचा विचार तर पेगांच्या संख्येवर सोडूच नका, शेतघरातच मुक्काम करा.

गोव्याच्या बाटल्यांबद्दल एक वाक्य. परवान्याशिवाय तिकडची दारू महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक घाटात गाडी थांबवतात तेव्हा बाटलीत कर्बोदके किती हे विचारत नाहीत.

गोळीच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असते आणि औषधाचे मूळ नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून ते खालचे नाव आणि त्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा कागदावर उतरवा, शेवटच्या तपासणीतले यकृताचे आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे) अहवाल त्यासोबत घ्या आणि येत्या शनिवारच्या आधी डॉक्टरांना भेटा. तोवर सफरचंदाची बाटली कपाटातच राहू द्या. 37.5 टक्क्यांची दारू आहे, झाकण घट्ट असेल तर ती खराब होणार नाही.